मागच्या मंगळवारी काय केलंत?

वाचक लिहितात: "मी २७ वर्षांची आहे. एका कंपनीच्या हिशेब विभागात पाच वर्षं काम करतेय. लहानपणापासून दहा वर्षं पियानो शिकले, नोटेशन वाचता येतं, थोडंफार गाते. संध्याकाळी घरी यायला साडेसात होतात. मग हेडफोन लावून ६१ पट्ट्यांच्या जुन्या कीबोर्डवर अर्धा-पाऊण तास वाजवते, आणि शनिवार-रविवार सलग पाच-पाच तास. तेवढाच वेळ आपला वाटतो. काही जण म्हणतात, सोड नोकरी, वय निघून जाईल. काही म्हणतात, छंद म्हणून ठेव. मला स्टेजची फार हौस नाही. संगीतातलंच, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं काम हवंय, मुलांना शिकवणं किंवा रुग्णांसाठी संगीत, असं काही. सुरुवात कुठून करू? आणि नवा कीबोर्ड घेऊ का? – दोन पट्ट्यांच्या फटीतली"

नमस्कार,

पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: स्टेजची फार हौस नाही. 'संगीतात करिअर' म्हटलं की सांगणाऱ्याच्याही आणि ऐकणाऱ्याच्याही डोळ्यांसमोर स्टेजच येतं. नोकरी सोड म्हणणारे आणि छंद म्हणून ठेव म्हणणारे, दोघेही त्याच एका चित्राबद्दल भांडतायत. तुम्हाला ते चित्र नकोच आहे, तर त्या भांडणातून आधी बाहेर या.

संगीत म्हणजे एक काम नव्हे. शिकवणं, तालमीला साथ करणं, चित्रफितींसाठी संगीत करणं, वाद्यं जुळवणं, ध्वनिमुद्रण, हक्कांचे हिशेब, उपचार ही सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचा दिवस वेगळा जातो. म्हणून यातलं एखादं काम करणारं माणूस भेटलं की "कसं वाटतं हो?" असं विचारू नका. छानच वाटतं म्हणतील. "मागच्या मंगळवारी सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?" असं विचारा आणि तासांसकट लिहून घ्या. किती वेळ वाद्यावर गेला, किती फोनवर, किती प्रवासात, किती पैशांची आठवण करून देण्यात. असे चार मंगळवार गोळा झाले की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

शिकवणीचा मंगळवार आम्हीच मांडून दाखवतो, कारण तिचं गणित बहुतेकांचं चुकतं. मुलं शाळेतून सुटल्यावर आणि रात्रीच्या जेवणाआधी मोकळी असतात. तुमचं दुकान उघडं राहणार साधारण चार ते आठ. ४५ मिनिटांचे वर्ग धरले तर दिवसाला पाच, आणि मधे पाच-पाच मिनिटं सोडली तर चार तासांवर पाच मिनिटं जास्तच जातात. ती सोडावी लागतातच. एकाचे आई-वडील दारात बोलत उभे असतात तोवर दुसरं मूल चप्पल काढत असतं. म्हणजे आठवड्याला २५ वर्ग ही कमाल मर्यादा. ती तुमच्या गुणवत्तेनं ठरत नाही, शाळेच्या घंटेनं ठरते. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून परीक्षा, सुट्ट्या आणि आजारपणं वजा केली की ४० ते ४२ उरतात. तेव्हा अंदाज बांधताना महिन्याच्या फीला १२ नं गुणू नका, एका वर्गाच्या फीला ४० नं गुणा. प्रत्येक वर्गामागे तयारीची दहा मिनिटं तुमच्या खात्यात मांडा. त्यांचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

इथे फसगत होते ती दर वर्गाला फी घेतल्यामुळे. मूल आलं नाही की नुकसान तुमचं. फी महिन्याची आणि आगाऊ घ्या, वर्ग रद्द करायचा तर २४ तास आधी कळवायचं, आणि भरपाईचा वर्ग तिमाहीत एकच. हा नियम पहिल्या दिवशी कागदावर द्या, पाचव्या महिन्यात सांगितलात तर तो भांडणाचा विषय होतो. दुसरी गळती लागते ती दोन्ही हात एकत्र आणायची वेळ येते तिथे. मूल दोन-तीन महिने उजव्या हातानं सुरेख वाजवतं, मग डावा हात येतो आणि सगळं कोसळतं. यावर उपाय साधा आहे. तिसऱ्या आठवड्यापासूनच डाव्या हाताला प्रत्येक आवर्तनात एकच लांब स्वर धरायला द्या. डावा हात 'येतो' असं वाटूच द्यायचं नाही, तो पहिल्यापासून तिथेच असला पाहिजे.

तुम्ही साडेसातला घरी येता, त्यामुळे सध्या तुमच्याकडे मोकळ्या आहेत त्या फक्त शनिवार-रविवारच्या सकाळी. पुरेशा आहेत. चार विद्यार्थी, बारा आठवडे.

तुमच्यासाठी त्याहून चांगला रस्ता आम्हाला साथीचा वाटतो: समूहगायनाच्या तालमी, नाटकातल्या गाण्यांची तयारी, नृत्याचे वर्ग, परीक्षेला बसणारे गायक आणि व्हायोलिनवादक. प्रकाशझोत दुसऱ्यावर असतो, पैसे तासावर मिळतात, आणि नोटेशन बघून लगेच वाजवणारा माणूस नेहमीच कमी पडतो. तुम्हाला हे कितपत जमतं ते आज रात्रीच कळेल. कधीही न पाहिलेलं एक पान उघडा, मेट्रोनोम (ठरलेल्या गतीनं ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, अर्धा मिनिट नुसती नजर फिरवा आणि सुरू करा. थांबायचं नाही. स्वर चुकला तर चुकू दे, पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला मात्र तुम्ही जागेवर हव्यात.

एकटीनं घरी वाजवणाऱ्यांना हेच सगळ्यात जड जातं. चूक झाली की हात आपोआप मागे जातो, ती जागा पुन्हा वाजवतो आणि पुढे जातो. दहा वर्षांच्या रियाजानं पक्की झालेली ही सवय साथीत घातक ठरते, कारण गाणारा तुमच्यासाठी मागे येत नाही. पान अंगावर येतंय असं दिसलं की काय टाकायचं ते आधी ठरवून ठेवा. उजव्या हाताची नक्षी टाका, मधले स्वर टाका. डाव्या हाताचा सगळ्यात खालचा स्वर आणि मात्रा मात्र सोडू नका; तेवढ्यावर गाणारा तरून जातो. रोज पंधरा मिनिटं, रोज नवं पान, आणि तेच पान दुसऱ्यांदा वाजवायचं नाही. सहा आठवड्यांनी त्यात भर घाला: समोरचं नवं पान लिहिलंय त्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजवा. गायकाचा घसा बसलेला असतो त्या दिवशी याचीच किंमत असते.

कार्यक्रम वाजवण्याबद्दल थोडक्यात, कारण तुम्हाला ते नको आहे आणि लोक तेच सुचवत राहतील. दोन तासांचा कार्यक्रम म्हणजे सामान बांधणं, प्रवास, साउंड चेक, ताटकळणं आणि परत येणं धरून सात-आठ तास. त्याआधी तीन तासांच्या तीन तालमी. मानधनाला दोननं नव्हे, सतरानं भागा. पुढच्या वेळी कुणी आग्रह केला तर हा भागाकार तोंडावर करून दाखवा.

चित्रफितींसाठी संगीत करण्यात तांत्रिक बाजू पटकन शिकता येते. ध्वनीचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, प्रत्येक वाद्यगट वेगळ्या फाइलमध्ये, सगळ्या फाइल एकाच शून्य बिंदूपासून सुरू. लोक अडकतात ते दुसरीकडेच. संगीत दिल्यावर चित्र पुन्हा कापलं जातं आणि तुमचा ४२ व्या सेकंदाचा ठोका आता ३९ व्या सेकंदाला हवा असतो. म्हणून दर चार किंवा आठ आवर्तनांनी कापता येईल अशी जागा सोडूनच लिहायचं. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ठरलेल्या पैशांत आणि तिसरीचे वेगळे, हे काम सुरू होण्याआधी लेखी घ्या. तिसरी फेरी आलीच नाही तर उत्तम.

स्ट्रीमिंगचे पैसे या हिशेबात धरूच नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या ट्रॅकला आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीत वाटाच मिळत नाही. गाणी तिथे जरूर ठेवा. तुम्हाला काम देऊ पाहणाऱ्याला नमुना ऐकवायला त्यांचा उपयोग होतो.

रुग्णांसाठी संगीत या शब्दांखाली दोन अगदी वेगळी कामं लपलेली आहेत, आणि बरेच जण त्यांची सरमिसळ करतात. वॉर्डात जाऊन वाजवणं ही सेवा. संगीतोपचार हा मात्र आरोग्यक्षेत्रातला व्यवसाय आहे, त्याला स्वतंत्र पदवी आणि देखरेखीखालचा सराव लागतो. अमेरिकेत हा सराव किमान १,२०० तासांचा असतो, यावरून अंदाज करा. उपचार म्हणजे गोड वाजवणं नव्हे. पार्किन्सन्स झालेल्या माणसाची चाल सुधारायची तर आधी तो एरवी मिनिटाला किती पावलं टाकतो ते मोजतात. ताल बरोबर तेवढ्याच गतीला लावतात, त्याची पावलं तालात पडू लागली की गती पाच-दहा टक्क्यांनी वाढवतात, आणि शेवटी ताल बंद करून चाल टिकते का ते बघतात. प्रत्येक सत्राची नोंद होते. तिथे तुमचं वादन किती तरल आहे हे कुणी विचारत नाही; नजर रुग्णाच्या टाचेवर ठेवता येते का, हे महत्त्वाचं. हे वाचताना उत्सुकता वाटली असेल तर एखाद्या उपचारतज्ज्ञाचा मंगळवार जरूर विचारा. थोडी निराशा झाली असेल तर तुम्हाला वॉर्डातलं वाजवणंच हवं आहे, आणि त्यासाठी करिअर बदलायची गरज नाही. परवानगी घेऊन महिन्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं जा. खोलीत शिरण्याआधी विचारा, आणि "नको" म्हटलं तर हसून पुढच्या खोलीकडे वळा. दिवसभरात त्या माणसाला नको म्हणता येईल अशी तेवढी एकच गोष्ट असू शकते.

आता तुम्ही पत्रात न मांडलेला पर्याय. तुम्हाला नोटेशन वाचता येतं आणि खातेवही वाचता येते. ही जोडी दुर्मीळ आहे, आणि संगीताच्या जगात तिची गरज किती आहे हे बाहेरून दिसत नाही.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी, त्या रचनेचं विशिष्ट ध्वनिमुद्रण. रचनेला एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, आयएसडब्ल्यूसी. ध्वनिमुद्रणाला दुसरा, १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी. तेच गाणं पाच जणांनी नव्यानं गायलं तर आयएसडब्ल्यूसी एकच राहतो आणि आयएसआरसी पाच होतात. लिहिणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा आयपीआय क्रमांक असतो तो निराळा. आता रॉयल्टीचं एखादं विवरणपत्र डोळ्यांसमोर आणा. एकच गाणं तीन स्पेलिंगांनी तीन ओळींत आलंय. एका ओळीत गीतकाराचं नाव आहे, दुसरीत फक्त आडनाव, तिसरीत गायकालाच गीतकार केलंय. नोंदणीत संगीतकारानं ५० टक्के लिहिलेत, गीतकारानं ५०, आणि वाद्यसंयोजकानं आपल्या समजुतीप्रमाणे १०. बेरीज ११०. शंभराच्या वर बेरीज गेली की वाद मिटेपर्यंत पैसे अडकून राहू शकतात. कुणी चोरी केलेली नसते. तीन माणसांनी तीन फॉर्म भरलेले असतात आणि एकानंही दुसऱ्याला विचारलेलं नसतं.

हे सोडवायला वाद्यसंयोजक आणि संगीतकार यांच्या कामातला फरक कळणारं, आणि ताळेबंद जुळेपर्यंत झोप न येणारं माणूस लागतं. रोज संध्याकाळी साडेसातला घरी येणारं असं एक माणूस आमच्या माहितीत आहे. प्रकाशन संस्था, हक्क वसूल करणाऱ्या संस्था, वाद्यवृंदांची कार्यालयं, चित्रपटांचे निर्मिती विभाग, या सगळीकडे हे काम पगारी असतं. कलाकारांसाठी स्वतंत्रपणेही करता येतं. तुमच्या ओळखीत स्वतःची गाणी करणारं कुणी असेल तर त्यांच्या वीसेक गाण्यांचा तक्ता मांडून द्या: गाण्याचं नाव, त्याची इतर स्पेलिंगं, कोणी लिहिलं आणि कोणाचा किती वाटा, तिन्ही क्रमांक, ध्वनिमुद्रणाची तारीख, करार कुठे ठेवलाय. दोन शनिवार जातील. रिकाम्या चौकटी कुठे आहेत तेच तुमचं पहिलं काम, आणि बहुधा 'करार' या रकान्यात सगळ्यात जास्त सापडतील. त्यातून पुढच्या गाण्यांसाठी एक सवय लावून द्या: ध्वनिमुद्रण झालं त्याच दिवशी, निघण्याआधी, वाट्यांच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या. त्या दिवशी सगळे एकमेकांवर खूश असतात. गाणं चाललं की मग आठवणी बदलतात.

हे काम अर्थपूर्ण आहे का, हे तुम्ही ठरवा. ज्या गीतकाराचे सहा वर्षं अडकलेले पैसे सुटतात त्याला विचारलंत तर त्याचं उत्तर ठाम असेल.

तर सहा महिन्यांचा बेत असा. पहिले तीन महिने: शनिवारी सकाळी चार विद्यार्थी, रोज पंधरा मिनिटं नवं पान, आणि एक गाण्यांचा तक्ता. पुढचे तीन महिने: एखाद्या समूहगायनाच्या किंवा नाटकाच्या गटाला तालमीची साथ, ठरवून पैसे घेऊन. थोडे घ्या, पण घ्या. फुकट काम केलं की लोक तुमची वेळ गृहीत धरतात आणि तुमची परीक्षाही होत नाही. एक वही ठेवा आणि तिच्यात चारच रकाने: काम, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास, हाती आलेले पैसे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच करावंसं वाटलं का. चौथा रकाना त्याच रात्री भरायचा नाही. रात्री सगळंच छान वाटतं.

नोकरीचं काय? तुमचा महिन्याचा खर्च १०० धरा. संगीताच्या मिळकतीतून वाद्याची देखभाल, प्रवास आणि करासाठी चौथा हिस्सा आधीच बाजूला काढा. उरेल तीच मिळकत. ती सलग सहा महिने सरासरी ५० च्या वर राहिली, सगळ्यात वाईट महिन्यातही २५ च्या खाली गेली नाही, आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत असला, तर नोकरीत आठवड्याचा एक दिवस कमी करून मागा. राजीनामा नंतर. या कामात पैसे काम झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी येतात, त्यामुळे नोकरी सोडल्यानंतरचे पहिले साठ दिवस कामानं भरलेले आणि खिशानं रिकामे असतात. बरेच जण तिथेच कोसळतात, आणि आपल्यात गुणवत्ता नव्हती अशी समजूत करून घेतात.

नोकरी सांभाळून मोठं काम केलेल्यांची नावं तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्ह्ज यांचा विम्याचा व्यवसाय होता, आणि १९४७ मध्ये त्यांना संगीतासाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, हे खरंच आहे. पण १९१८ मध्ये त्यांची तब्येत ढासळली आणि १९२७ च्या सुमारास नवं लिहिणं जवळपास थांबलं, हेही त्याच चरित्रात आहे. दोन पूर्ण नोकऱ्यांसारखं जगू नका. एक पूर्ण आणि एक पाव, इतकंच.

यावरून तुमच्या शनिवार-रविवारबद्दल. पाच दिवस ऑफिसात टायपिंग, रोज अर्धा-पाऊण तास वादन, आणि मग एकदम सलग पाच तास, हे मनगटाला दुखापतीचं आमंत्रण आहे. दोन्ही कीबोर्डना हात तेच आहेत. २५ मिनिटं वादन, पाच मिनिटं हात खाली सोडून विश्रांती, आणि दिवसाला तीन तासांच्या वर नको. सकाळी उठल्यावर बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा जाणवला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. हेडफोनचंही तसंच: ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास ही कामाच्या ठिकाणची शिफारस केलेली मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. आवाज शांत खोलीत ठरवा आणि मग वाढवू नका.

राहिला कीबोर्ड. साथ करायची तर ६१ पट्ट्या अपुऱ्या पडतात. डाव्या हाताचे खालचे स्वर, ज्यांच्यावर गाणारा तरतो म्हटलं तेच, तिथे संपतात. त्यासाठी पियानोसारख्या ८८ वजनदार पट्ट्या आणि चांगलं सस्टेन पेडल (पायानं दाबून स्वर लांबवणारं) हवं. चित्रफितींचं संगीत करणार असाल तर ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडून वाजवायचा) चालतो आणि पैसे हेडफोनवर घालावेत. गाण्यांचे तक्ते करायला तर तुमच्याकडे आहे तोच लॅपटॉप पुरे. यातलं काय घ्यायचं हे पहिल्या तीन महिन्यांची वही भरल्यावर कळेल. तोवर ८८ पट्ट्यांचा भाड्यानं मिळाला तर घ्या, आणि तालमीच्या जागी पियानो असेल तर सुरू व्हायच्या अर्धा तास आधी जाऊन त्याच्यावर बसा.